ममताच्या गाडीची बॅटरी

सिल्वासाजवळच्या मसाटच्या त्या चाळीत रोहिणीसारखी बाई शोधून सापडायची नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिला नावं ठेवायला मोकळे. कुणाकडे अचानक पाहुणे आले की पिठाचा डबा हिच्या घरून जायचा, कुणाचं पोर तापलं की दवाखान्यात ही सोबत. शिरपूरकडची बाई, हात सढळ आणि जीभ त्याहून सढळ. पण माणूस म्हटला की एखादी खोड असायचीच. सकाळी नवऱ्याची कंपनीला जायची वेळ झाली की रोहिणीच्या पोटात दुखायला लागायचं. दुखणं खोटं नव्हतं हो, पण औषधानं जाणारंही नव्हतं. त्या दुखण्याचं नाव होतं ममता.

ममता खालच्या खोलीत राहायची. तिचा नवरा गजानन आणि रोहिणीचा नवरा नीलेश, दोघं एकाच गावचे. लग्नाआधी सिल्वासात एका खोलीत राहिलेले, एका तव्यावर भाकरी जाळलेले. दोघांनी मोटरसायकलीसुद्धा एकाच दसऱ्याला, एकाच शोरूममधून घेतल्या. गाडी तीच, फक्त एकाची काळी, दुसऱ्याची लाल. पुढं गजाननला गुजरातमधल्या दहेजच्या एका मोठ्या कंपनीत नोकरी लागली आणि तो तिकडं गेला. ममता मात्र इथंच राहिली, कारण खडोलीच्या सूत कंपनीत, लॅबमध्ये, ती पर्मनंट होती. नीलेशची कंपनीही खडोलीच्याच रस्त्याला. आणि आजच्या काळात पर्मनंट नोकरी कोण सोडतं? गजाननची लाल गाडी चाळीच्या अंगणात धूळ खात उभी राहिली.

मग एक दिवस ममतानं ती धूळ पुसली. मैदानात जाऊन शिकली, दोनदा पडली, गुडघा सोलून घेतला, आणि महिन्याभरात ओढणी कमरेला बांधून, डोक्यावर हेल्मेट चढवून बाई खडोलीच्या रस्त्याला लागली. चाळीतल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. रोहिणीनं घातली नाहीत. तिनं उलट शाबासकी दिली, वर गुडघ्याला लावायला हळद दिली. तोवर पोटात दुखायचं काही कारणच नव्हतं.

कारण झालं ते बॅटरीचं. इतके दिवस उभी राहून राहून लाल गाडीची बॅटरी बसली होती. रात्रभर गाडी थांबली की सकाळी सेलचं बटण दाबावं तर नुसतं टकटक टकटक. या गाड्यांना किक नाही. आता तुम्ही म्हणाल, बॅटरी बदलायची. ती गॅरंटीत होती, पण तिचं बिल राहिलं गजाननच्या बॅगेत, आणि गजानन दहेजला. त्याला सुट्टी मिळेना. फुकट बदलून मिळणारी बॅटरी विकत कशाला घ्यायची, असा हिशोब, आणि आपल्याकडे या हिशोबापुढं कुणाचं काही चालत नाही. तो येईपर्यंत गाडी धक्क्यावर चालवायची ठरली. आणि धक्का मारायला कोण? तर रोहिणीचा नवरा.

रोहिणी वर गॅलरीत कठड्याला टेकून रोज बघायची. मुलं सुट्टीला मामाकडे गेलेली, चुलीवर दुसरं काही नसलेलं, बघायला वेळच वेळ. ममता चावी फिरवायची, दिवा लागला का बघायची, क्लच दाबून दुसरा गियर टाकायची. नीलेश मागच्या कड्याला दोन्ही हात लावून अंगणातल्या उतारावरनं गाडी पळवायचा. गाडीनं जरा वेग घेतला की ओरडायचा, सोड. तिनं क्लच सोडला की गाडी एक हिसका खायची आणि धडधडायला लागायची, लगेच ती पुन्हा क्लच दाबून रेस द्यायची. मग हा पठ्ठ्या कमरेवर हात ठेवून, धापा टाकत, हसत उभा. जणू ट्रॅक्टर ओढला. आणि हाच माणूस घरात पाण्याचा हंडा उचला म्हटलं की कंबर धरून बसायचा.

बरं, एवढ्यावर थांबेल तर नीलेश कसला. वर येऊन डबा उचलता उचलता म्हणायचा, बाई जबरी आहे हां, काय हिंमत आहे. रोहिणीच्या तव्यावरची पोळी करपायची. बोलणार काय? नवरा शेजारणीला मदत करतो, त्यात वाईट काय, असं जग म्हणणार. पण अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

या जळण्याला एक मागचं मूळ होतं, तेही सांगायला हवं. गेल्या दिवाळीआधी खडोलीच्याच एका कंपनीत पॅकिंगला बायका घेत होते. रोहिणीचं नाव जवळपास पक्कं झालं होतं. अडचण एकच, त्या पाळीला बस नव्हती आणि नीलेशची पाळी वेगळी. तेव्हा रोहिणी म्हणाली होती की मला गाडी शिकवा, तुम्ही घरी असाल तेव्हा मी घेऊन जाईन. नीलेश जेवता जेवता हसला होता. गाडी म्हणजे काय पोळपाट-लाटणं आहे का, म्हणाला. तुला नाही जमायचं, पडशील, हातपाय मोडून घेशील. झालं. ती नोकरी शेजारच्या रजनीनं घेतली. रोहिणीनं तो घास गिळला, वर पाणी प्याली, आणि ती गोष्ट विसरली असं तिला वाटलं होतं.

विसरली नव्हती. दुसऱ्याची बायको गाडीवर बसली की जबरी, आणि आपली बसली की पडणार. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हेच. पण रोहिणीला ते तसं नीट उमगलेलं नव्हतं तेव्हा. तिला दिसायची ती फक्त ममता, तिची कमरेला बांधलेली ओढणी, आणि तिच्याकडे बघून हसणारा आपला नवरा. त्याच्या नजरेतून आपण उतरलो, आपली जागा ही खालची बाई घेणार, याच भीतीनं तिचा जीव खालीवर व्हायचा.

त्यात रजनी. देवानं या बाईला तोंड दिलं ते दुसऱ्याच्या जखमेवर मीठ चोळायलाच. एकदा कपडे वाळत घालताना म्हणाली, तुमच्याकडचे बरे रोज धक्क्याला हजर असतात, आमच्याकडचे तर हाक मारून उठत नाहीत. एवढं बोलून चिमटे तोंडात धरून निघून गेली. रोहिणीनं त्या दिवशी कपडे असे पिळले की नीलेशच्या शर्टाची दोन बटणं गेली.

मग एका रविवारी तिच्या डोक्यात ते आलं.

दुपारची वेळ. नीलेश मटण खाऊन आडवा झालेला. ममता बाजारात गेलेली. अंगणात दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या. काळीची बॅटरी ठणठणीत, लालची मेलेली, आणि दोन्ही एकाच मापाच्या. लालची बॅटरी चांगली झाली तर धक्का नको. धक्का नको तर नीलेश नको. इतकं सोपं. ममताच्या गाडीची दुसरी चावी रोहिणीच्याच घरात खिळ्याला टांगलेली असायची, पाण्याचा टँकर आला की गाडी हलवायला लागायची म्हणून. ममतानंच विश्वासानं दिलेली. त्या विश्वासाचं रोहिणीला त्या क्षणी काही वाटलं नाही, हे खरं ते सांगायलाच हवं.

चाळीच्या तोंडाशी काळूचं गॅरेज होतं. काळू जवळच्या सुरंगी गावचा, गुणी माणूस, कमी बोलणारा. रोहिणीनं त्याला बोलावून सांगितलं की ह्यांनी सांगितलंय, या गाडीची बॅटरी त्या गाडीला घाल आणि तिची हिला. काळूनं एकदा काळ्या गाडीकडे बघितलं, एकदा लालकडे. विचारलं, नीलेशभाऊनं सांगितलं? रोहिणी म्हणाली, हो. मग पुन्हा विचारलं, याच गाडीची त्या गाडीला? रोहिणी म्हणाली, हो रे बाबा. वहिनींचा शब्द म्हणजे भाऊंचा शब्द, असं मानून त्यानं स्क्रू काढले, वायरी सोडल्या, अदलाबदल केली. आणि पावसाळा लागायच्या आत घराची कौलं चाळून घ्यायला तो संध्याकाळी सुरंगीला निघून गेला.

आपल्या नवऱ्याच्या गाडीचं काय होणार, हा विचार तिनं केला नव्हता असं नाही. केला होता. तिचं म्हणणं असं की त्यांना धक्का मारायला मी आहे की. रोज सकाळी मी धक्का मारीन, ते मागं वळून बघतील, हसतील. मनात मांडे खायला पैसे पडत नाहीत.

सोमवारी सकाळी रोहिणी पदर खोचून तयारच होती. खाली ममतानं सवयीनं चावी फिरवली, सवयीनं बटणाला बोट लावलं, आणि गाडी एका दमात सुरू. ममता चकितच झाली. नीलेश हात चोळत आला होता तो तसाच उभा राहिला. मग हात झटकून आपल्या गाडीकडे वळला. त्याचं तोंड उतरलेलं वरनं दिसलं आणि रोहिणीला अस्सं गार वाटलं म्हणून सांगू.

नीलेशनं बटण दाबलं. टकटक. पुन्हा दाबलं. टकटक. रोहिणी जिन्याकडे धावली. तीन जिने नाहीत, एकच आहे, पण चप्पल सापडायला वेळ गेला. ती खाली पोचते तो काय बघते, ममता गेटापासून परत फिरून आली होती, आणि नीलेशला म्हणत होती, भाऊजी, कंपनीचं गेट बंद होईल, बसा मागं. इतके दिवस लोक काय म्हणतील म्हणून ममताला कधी मागं न बसवणारा नीलेश डबा मांडीवर घेऊन तिच्या मागं बसला. ममतानं रोहिणीकडे बघून हात हलवला. गाडी गेली.

करायला गेले गणपती, झाला मारुती. अंगणात दात घासणारे दोघंतिघं फेस सांडेपर्यंत हसले. रजनी गॅलरीतून म्हणाली, अगंबाई, आता मागंच का. रोहिणी तशीच जिना चढून वर गेली आणि रिकाम्या घरात भांडी आपटत बसली.

संध्याकाळी नीलेश तसाच मागं बसून परत आला. रोहिणीनं विचारलं की आता गाडीचं काय. तो म्हणाला, काळू येऊ दे, तो बघेल. दुसऱ्या दिवशी रोहिणी म्हणाली, मी धक्का मारते. नीलेश पायात बूट चढवत म्हणाला की कशाला उगाच, ती चाललीच आहे खडोलीला, पेट्रोलही वाचतं. बघा म्हणजे. दुसऱ्याच्या गाडीसाठी उतारावर पळणारा माणूस स्वतःच्या गाडीसाठी चार पावलं पळेना. काळू कौलं चाळत तिकडं बसला आणि इकडं रोहिणीच्या डोळ्यांदेखत आठवडा तसाच चालला.

रात्री जेवताना नीलेश सांगायचा. काय चालवते, खड्डा कसा चुकवते, मसाटच्या वळणावर ट्रकवाल्यानं बाजू दिली नाही तर कशी घाबरली नाही. रोहिणी वाढत राहायची. काळू कुठल्याही दिवशी येऊन सगळं फोडणार, ही धाकधूक वेगळीच. चोराच्या मनात चांदणं. अन्न गोड लागेना, झोप लागेना. आणि कहर म्हणजे ममता स्वतः एका संध्याकाळी करवंदं घेऊन वर आली. म्हणाली, तुम्हाला आवडतात ना, रस्त्यात एक बाई विकत होती. रोहिणीनं करवंदं घेतली, हसली, आणि दार लावून घेतल्यावर तिला रडू कोसळलं. ही बाई वाईट असती तर किती बरं झालं असतं. वाईट बाईवर जळायलासुद्धा सोपं जातं.

त्या रात्री जेवताना नीलेश पुन्हा सुरू झाला. ममता आता म्हणे दहेजपर्यंत गाडीनं जाऊन गजाननला चकित करणार आहे. मी म्हटलं जा, म्हणाला, तुला काय अवघड आहे.

तुला काय अवघड आहे. रोहिणीच्या हातातला भाताचा चमचा थांबला. हे चार शब्द आपल्याला या माणसानं अख्ख्या संसारात एकदा तरी म्हटले होते का, ते ती आठवायला लागली. स्वयंपाकासाठी नाही, बाळंतपणासाठी नाही, गाडीसाठी तर नाहीच. आणि तेव्हा कुठं तिला कळलं की दुखतंय ते कुठं. ममतानं नवरा घेतला नव्हता. नवऱ्यानं जे आपल्याला कधी दिलं नाही ते फुकटात तिला देऊन टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ममता लाल गाडी सुरू करून वाट बघत होती. नीलेश डबा घेऊन जिना उतरला तर समोर रोहिणी. काळ्या गाडीवर बसलेली, साडी गुडघ्यापाशी आवळून खोचलेली, दोन्ही पाय जेमतेम जमिनीला टेकलेले. चावी फिरवलेली, दिवा मंद पेटलेला.

नीलेश म्हणाला, हे काय नाटक आहे, उतर. रोहिणी उतरली नाही. तिनं आधी ममताकडे बघितलं.

"तुझी बॅटरी मी बदलली ममता. काळूकडनं. ह्यांची तुला घातली आणि तुझी ह्यांना. हे रोज तुला धक्का मारायचे ते मला बघवत नव्हतं."

अंगणात दात घासणाऱ्यांचे हात थांबले. रजनीसुद्धा गप्प, यावरनं काय ते समजा. ममतानं गाडी बंद केली. तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता. राग असता तर रोहिणी त्याला तयार होती. पण ममता हळूच म्हणाली,

"मला वाटायचं, तुम्ही मला बघायला उभ्या राहता. हे दहेजला गेल्यापासून मी घरातनं निघताना कुणी दारात उभं राहत नाही, तुम्ही तेवढ्या वर असायच्या. म्हणून मी गेटातनं रोज हात करायचे."

तो हात रोहिणीनं रोज पाहिला होता, आणि रोज तिला वाटायचं की बाई आपल्याला चिडवते. मान खाली घालून ती पुटपुटली, चुकलं माझं. पण गाडीवरनं काही ती उतरली नाही.

नीलेशला आता जोर चढला. चारचौघांत बायकोनं लाज काढली होती. त्यानं आवाज चढवून सांगितलं की पुरे झालं, उतर खाली, पडशील. मग रोहिणीनं मान वर केली.

"तिला धक्का मारताना कधी म्हणालात का, पडशील म्हणून? ती शिकताना दोनदा पडली. मी तिला हळद दिली होती, मला माहीत आहे. तरी तुम्ही धक्का मारतच होतात."

नीलेशनं एकदा ममताकडे बघितलं, ती काही मदत करील म्हणून. ममतानं लाल गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं, चालत आली आणि ते रोहिणीच्या डोक्यावर घातलं. पट्टा आवळला. मग काळ्या गाडीच्या मागं जाऊन कड्याला दोन्ही हात लावले. गियर कुठला, तिनं विचारलं. रोहिणी म्हणाली, दुसरा. क्लच, तिनं विचारलं. रोहिणी म्हणाली, दाबलाय. कुणी शिकवलं नव्हतं. जळत जळत इतके दिवस बघितलं होतं, त्यातलं एक अक्षर ती विसरली नव्हती.

ममतानं गाडी ढकलली. एकटीच्या जोरानं गाडी हलली, उताराला लागली, वेग घ्यायला लागली. रोहिणीचे पाय जमिनीवरनं सुटले, हँडल डावीउजवीकडं डुलायला लागलं, दात घासणारे भिंतीला चिकटले. सोड, ममता ओरडली. रोहिणीनं क्लच सोडला. गाडीनं हिसका खाल्ला, धडधडली, आणि बाई सुटली. गेटापर्यंत गेली. खरंच गेली, अख्ख्या चाळीनं बघितलं. पण सोडलेला क्लच पुन्हा दाबायचा असतो, ते त्या गडबडीत डोक्यातनं गेलं. गेटापाशी घाबरून तिनं करकचून ब्रेक दाबला आणि गाडी दोन उड्या मारून बंद पडली. रोहिणी कशीबशी एका पायावर तोलून राहिली. पडली नाही.

नीलेश धावत आला. रोहिणीला दम लागला होता, हेल्मेट एका डोळ्यावर आलं होतं. आता तो म्हणणार, बघ, सांगितलं होतं ना. तो शब्द त्याच्या ओठावर आलेला तिला स्पष्ट दिसला. तो बाहेर पडायच्या आत तीच म्हणाली,

"वर न्या गाडी. परत मारायचाय धक्का."

नीलेशनं मोबाइलमध्ये वेळ बघितली. कंपनीचं गेट बंद व्हायला आलं होतं. त्यानं मागं उभ्या असलेल्या ममताकडे बघितलं, ती हसत नव्हती. मग रोहिणीकडे बघितलं. तिनं चावी काढली नव्हती, आणि ती उतरायचं नावही घेत नव्हती. त्यानं डबा ममताच्या हातात दिला, बाह्या वर सारल्या, आणि बायकोसकट गाडी मागं ढकलत उतार चढायला लागला.